ताशी एक्केचाळीस किलोमीटरची शेळी

लोहारा,
१२ जून

चि. राजनंदिनी,

आशीर्वाद या पत्रासोबतच पाठवतोय. तुमच्या पट्ट्यासारखं पाडव्याला देतो, अक्षय्य तृतीयेला देतो, पेरण्या उरकल्या की देतो, अशी आशीर्वाद पुढं ढकलायची आपल्या घरात पद्धत नाही.

मागच्या दिवाळीत तू आलीस आणि माझ्या ओट्यावर बसून सांगितलंस की काका, आम्ही चौघांनी मिळून शेळीच्या गळ्यात बांधायचा पट्टा काढलाय. शेळी कळपातून फुटली, पळाली, नाहीतर रवंथ करायची थांबली, की मालकाच्या फोनवर निरोप येतो. आत्ता नाव नोंदवा, पाडव्याला घरपोच. मी पस्तीस वर्षं पोस्टात काढलेला माणूस. या गावात मला कुणी दगडोबा म्हणत नाही, मास्तर म्हणतात. माझ्या तोंडाकडं बघून लोहाऱ्यात अडतीस जणांनी नावं नोंदवली. आता त्याच तोंडानं मला बाजारात जायची चोरी झालीय. परवा मथुराबाई, जिच्या नऊ शेळ्या आहेत, भर बाजारात म्हणाली, "मास्तर, माझी शेळी म्हातारी हून मरंल, पर तुमचा पट्टा काय यायचा न्हाय. आला तर माझ्याच गळ्यात बांधा." सगळे फिदीफिदी हसले.

चार शिकलेली डोकी आणि एक पट्टा होत नाही! तुझे आजोबा एका बैठकीत बैलाचं दावं वळून उठायचे. त्यांना कुणी इंजिनियर म्हटलं नाही. तुमचा कारखाना म्हणजे धाराशिवच्या स्टँडामागचं पत्र्याचं शेड, आणि बोलणं मात्र विमान बनवणाऱ्यांचं.

फोन करू नकोस. फोनवर माणूस खोटं बोलून मोकळा होतो. काय ते कागदावर लिही.

तुझा काका,
दगडोबा


धाराशिव,
२० जून

ती. काका,

नमस्कार. तुमचं पत्र शेडमध्ये मोठ्यानं वाचलं. मुजीब हसला. तो आमचा सोल्डरिंगचा डाग मारणारा, आधी मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. बसवेश हसला नाही. पट्ट्याच्या आतली सगळी बुद्धी त्याची आहे, तो उमरग्याकडचा. चौथी उम्मेहानी दिवसभर फोनवर तुमच्यासारख्यांच्या शिव्या खाते, तिला हसायला वेळ नव्हता.

उशीर झालाय, ते कबूल. आधीच्या पट्ट्याचं कातडं शेळ्यांनीच खाऊन टाकलं, मग दुसरं आणावं लागलं. आता ठिकाण सांगणारी नवी चिप आलीय. तिची एकदा खात्री झाली की दोनशे बारा पट्टे महिनाभरात बांधून निघतील. जुन्या चिपचा एक पट्टा सोनारीच्या एका कळपात नीट चालतोय. नव्या चिपचा एक तुम्हाला पार्सलनं पाठवतेय. उन्हावर चालतो, चार्ज करायची भानगड नाही. काम सोपं आहे: दुभती, घरची शेळी, जी रोज कळपाबरोबर चरायला जाते आणि संध्याकाळी त्याच गोठ्यात येते. दुसरी कुठलीही नको. तिच्या गळ्यात बांधा आणि राहू द्या. तिची सगळी चाल आम्हाला इथं दिसेल.

एक गोष्ट फक्त तुम्हाला सांगते. बसवेशला पुण्याच्या कंपनीनं बोलावलंय, एक ऑक्टोबरला हजर व्हायचंय. तोवर पट्टे निघाले तर तो जाणार नाही म्हणतो. गेला तर त्या पट्ट्यातलं आम्हा तिघांपैकी कुणालाच उमगत नाही. त्या दिवशी शेडला कुलूप लावायचं, एवढंच उरेल. तेव्हा काका, शेळी नीट निवडा.

तुमची,
राजनंदिनी


लोहारा,
२ जुलै

चि. राजनंदिनी,

पट्टा पोचला. दिसायला कुत्र्याचा आहे. एका गरीब, घरच्या शेळीच्या गळ्यात बांधला आहे. रोज कळपात जाते, रोज गोठ्यात येते. मालकाचं नाव विचारू नकोस, तो माणूस प्रसिद्धीपासून लांब राहतो.

माझ्याकडून यापुढं चौकशीची गरज नाही. मी पोच दिली म्हणजे पोच दिली. पस्तीस वर्षांत माझ्या हातून एक मनिऑर्डर इकडची तिकडं झाली नाही. तुमच्याकडून काय इकडचं तिकडं होतंय तेवढं बघा.

आणि त्या पोराला पुण्याची भीती कशाला घालता? पुण्याची कंपनी काय लग्नाची नवरी आहे? ज्याला शेळीचा पट्टा जमेना त्याला पुणेवाले दोन दिवसांत परत पाठवतील.

दगडोबा


धाराशिव,
९ ऑगस्ट

ती. काका,

पत्राला उशीर झाला, कारण सांगण्यासारखं चांगलं काही नव्हतं.

तुमची शेळी ताशी एक्केचाळीस किलोमीटरनं पळते.

मी चेष्टा करत नाही. पट्टा तसं सांगतोय. मध्येच ती तहसील कचेरीच्या आवारात दोन तास उभी असते, मध्येच भाजीबाजारात, आणि एकदम सुसाट सुटते ती पंधरा किलोमीटरवर जाऊन थांबते. शेळी असं करत नाही, म्हणजे पट्टा खोटं बोलतोय. बसवेशनं आतलं सगळं तीनदा नव्यानं लिहिलं आणि इथूनच तुमच्या पट्ट्यात उतरवलं. काही फरक नाही. शेवटी चिपांचा अख्खा साठा परत पाठवला. देणाऱ्यानं तो तसाच परत केला, म्हणतो, चिपा उत्तम आहेत, दोष तुमच्या कामात आहे.

बसवेश जेवायला उठत नाही. मुजीब त्याच्या तोंडासमोर डबा धरून उभा राहतो, तेव्हा दोन घास खातो. तो एकच वाक्य बोलतो, की माझंच कुठंतरी चुकतंय आणि मला दिसत नाही.

दोनशे बारा लोकांना आज पुन्हा उशिराचा निरोप पाठवला. गणपतीनंतर, असं लिहिलंय.

राजनंदिनी


लोहारा,
१८ ऑगस्ट

चि. राजनंदिनी,

गणपतीनंतर! कुठल्या वर्षीच्या, तेही लिहायचं होतं.

एक्केचाळीस किलोमीटर! मी हे चावडीवर सांगितलं. लोक इतके हसले की एकाला ठसका लागला. शेळी आहे की लोहारा-सोलापूर जलद गाडी? तुमच्या त्या बसवेशला माझा निरोप दे, आणि जसाच्या तसा वाचून दाखव: बाबा रे, नाचता येईना म्हणून अंगण वाकडं म्हणतात, तुझं तर अंगणच पळायला लागलं. तुझ्या हाताला हे काम नाही. उगाच दोनशे लोकांच्या शेळ्यांची वाट लावू नकोस. तुझ्या आईनं तुला शिकवण्यापेक्षा चार शेळ्या घेतल्या असत्या तर आज तिच्याकडं चाळीस झाल्या असत्या.

आता कामाचं. लोहाऱ्यातल्या लोकांचा संयम संपला. नोंदणी रद्द करण्याचा अर्ज मी स्वतः लिहिलाय, माझ्या अक्षरात. अडतीसपैकी एकतीस सह्या झाल्या. उरलेल्या सात जणांकडं उद्या जातोय. माझ्या पुतणीचं काम आहे म्हणून मी गप्प बसलो असं कुणी म्हणायला नको. चूक ती चूक.

दगडोबा


धाराशिव,
१२ सप्टेंबर

ती. काका,

तुमचं पत्र मी वाचून दाखवलं नाही. टेबलावर राहिलं आणि बसवेशनं ते वाचलं. घडी करून परत जिथल्या तिथं ठेवलं. आईचं वाक्यही त्यात होतंच. त्यानंतर तो आमच्याशी कामापुरतं बोलतो.

तुमच्या अर्जाचा फोटो कुणीतरी सगळ्या नोंदणीवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. लोहाऱ्याचे मास्तरच काढून घ्या म्हणतात म्हटल्यावर भूम-परंड्याकडच्यांनीही नावं काढायला सुरुवात केली. तुमची चूक नाही. लोक कंटाळले आहेत.

बसवेशचं ठरलंय. अठ्ठावीसला तो निघणार. पण काल मला म्हणाला, "एक कारण सापडू दे, एकच. आपल्याला दुरुस्त करता येईल असं. मी थांबतो." म्हणून शेवटचं विचारते. त्यानं तुमच्या पट्ट्याची अडीच महिन्यांची चाल कागदावर उतरवलीय. दर बाजाराच्या दिवशी सकाळी सातला शेळी लोहारा सोडते. पाऊण तासानं माकणी. तिथं दुपारपर्यंत एकाच जागी. मग सास्तूर. दिवस मावळायच्या आत परत लोहाऱ्यात. आठवड्यातून दोनदा जेवळीला. बिघाड असता तर तो इतका शिस्तीचा कसा असेल, असं मुजीब म्हणतो. काका, त्या मालकाला एकदा भेटून विचारा ना, शेळी कुठं जाते?

तुमच्यावर शंका घेत नाही. तुम्ही पोच दिलीत म्हणजे शेळी घरचीच असणार, हे मीच बसवेशला बजावून सांगितलंय.

राजनंदिनी


लोहारा,
२३ सप्टेंबर

चि. राजनंदिनी,

तुझं पत्र पंधराला मिळालं. आठ दिवस खिशात घेऊन फिरलो. आज लिहितोय.

ती शेळी नाही. बोकड आहे.

म्हसोबाला सोडलेला बोकड. तुला माहीत असेल, नवसाचा बोकड देवाच्या नावानं सोडून देतात. मग त्याला मालक नाही, गोठा नाही, कळप नाही. तो बाजारात कुणाच्याही पाटीत तोंड घालतो आणि त्याला कुणी हाड म्हणत नाही. तहसीलदाराच्या दारात बसला तर शिपाई त्याच्या बाजूनं जातो. भाजीवाल्या व्यंकटचा टेम्पो आहे. व्यंकटची समजूत अशी की बोकडानं पहिली पाटी हुंगली की माल संपतो. म्हणून बाजाराच्या दिवशी तो बोकडाला टेम्पोत घेऊन माकणीला जातो, सास्तूरला जातो, जेवळीला जातो. तुमचा पट्टा एक शब्द खोटं बोलला नाही.

असं का केलं तेही लिहितो. तुझं पार्सल आल्यावर मी तिघांकडं शेळी मागायला गेलो होतो. पहिली मथुराबाई. म्हणाली, दूध आटंल. दुसऱ्यानं दृष्ट लागते म्हणून सांगितलं. तिसऱ्यानं तर ऐकून घेतल्यावर बाहेरची कडी लावली. ज्या गावात माझ्या एका शब्दावर अडतीस जणांनी नावं नोंदवली असं मी तुला सांगतो, तिथं थोड्या दिवसांसाठी एक शेळी मला कुणी दिली नाही. हे तुला कसं लिहू? पोर म्हणाली असती, काका, तुम्हाला कुणी विचारत नाही. बोकड चावडीपुढं उभा होता. त्याच्या मालकाची परवानगी लागत नव्हती. बांधला.

त्यानंतर तू एक्केचाळीस किलोमीटरचं लिहिलंस तेव्हाही मला उमगलं नाही, हे शपथेवर सांगतो. मला तुमचं काम इतकं टाकाऊ वाटत होतं की पट्टा खरं सांगत असेल हे डोक्यातच आलं नाही. माकणी-सास्तूर-जेवळी ही नावं वाचली तेव्हा व्यंकटचा टेम्पो डोळ्यांपुढं आला.

बसवेशला सांग. हेच ते कारण.

दगडोबा


धाराशिव,
३० सप्टेंबर

काका,

तुमचं पत्र काल, एकोणतीसला मिळालं. बसवेश परवा गेला.

तुम्हाला पंधराला कळलं होतं. तुमच्या घरात फोन आहे. दोन शब्द पुरे होते: बोकड आहे. तुम्ही आठ दिवस पत्र खिशात ठेवलंत, मग पाकिटावर तिकीट लावलंत, आणि पोस्टाला आणखी सहा दिवस दिलेत. का, तर फोनवर माणूस खोटं बोलतो. कागदावर तुम्ही काय केलंत, काका? २ जुलैचं तुमचं पत्र माझ्यापुढं आहे. "रोज कळपात जाते, रोज गोठ्यात येते." अक्षर फार सुंदर आहे.

मला राग येत नाही, मला तुमची किळस आलीय. तुम्ही चुकलात म्हणून नाही. एका माणसानं अडीच महिने बरोबर केलेलं काम मोडून पुन्हा केलं, पुन्हा मोडलं, आणि तुम्ही चावडीवर बसून त्याच्या आईपर्यंत पोचलात. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. इथं तर शेळीसुद्धा नव्हती.

बसवेशला काही कळवलेलं नाही. तो उद्या हजर होतोय, आजच्या दिवशी त्याला हे कसं सांगू? शेडचं भाडं पुढच्या महिन्याअखेरपर्यंत भरलंय. तोवर मुजीब आणि उम्मेहानी येतात, बसतात, आणि जातात. उत्तर पाठवू नका.

राजनंदिनी


लोहारा,
१६ ऑक्टोबर

चि. राजनंदिनी,

उत्तर नको म्हणालीस तरी लिहितोय, कारण झालेलं तुला कळायला हवं.

पुण्याला जाऊन आलो. उम्मेहानीला फोन केला, तिनं कंपनीचं नाव सांगितलं. फाटकाबाहेर चार तास उभा होतो. पहारेकऱ्यानं दोनदा हाकललं. संध्याकाळी बसवेश बाहेर आला. त्याला सगळं सांगितलं, उभ्या उभ्या. टेम्पोचं, बोकडाचं, मथुराबाईचं. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो खाली फुटपाथवर बसला. म्हणाला, "मास्तर, मी आईला सांगून टाकलं की मला हे काम येत नाही. दुसऱ्यानं सांगितलेलं तेवढं करीन म्हणून इथं आलो. रोज रात्री वाटायचं, आपण एवढी वर्षं स्वतःला फसवत होतो."

मी हात जोडले. त्यानं बघितलं नाही. म्हणाला, "माफी तुमच्याजवळच ठेवा. तुम्ही कागदवाले आहात ना? मग लिहून द्या. ज्यांना ज्यांना मी गाढव वाटलो, त्या सगळ्यांना."

म्हणून दोनशे बारा पोस्टकार्डं आणली. पाकिटं मुद्दाम घेतली नाहीत. कार्ड वाटेत कुणीही वाचतं, पोस्टमन तर वाचतोच, मीही वाचायचो. आठ दिवस लिहीत होतो. उम्मेहानीकडून पत्ते घेतले. मजकूर असा:

"मी दगडोबा, निवृत्त पोस्टमास्तर, लोहारा. शेळीच्या पट्ट्याला झालेला अडीच महिन्यांचा उशीर माझ्यामुळं झाला. चाचणीचा पट्टा घरच्या शेळीला बांधला असं मी खोटं लिहिलं. तो म्हसोबाच्या बोकडाला बांधला होता आणि बोकड टेम्पोतून फिरत होता. बसवेश यांचं काम पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. नोंदणी रद्द करण्याचा अर्ज मी लिहिला, त्याची मला लाज वाटते. ज्यांनी नावं काढली त्यांनी वाटल्यास परत घालावीत. शंका असेल त्यांनी मला येऊन तोंडावर विचारावं."

एक कार्ड जास्तीचं लिहिलं. ते बसवेशच्या आईला पाठवलं.

लोहाऱ्यातल्या अडतीस जणांची कार्डं मात्र वाटली नाहीत. बाजारात उभं राहून वाचून दाखवली. वाचताना मला वाटत होतं, आता हसतील. कुणी हसलं नाही. मथुराबाई म्हणाली, "मास्तर, बोकडाच्या गळ्यात पट्टा हाय हे आमाला समद्यांना दिसत हुतं की. तुमी शेळी मागितली तवा आमीच न्हाय म्हणालो. मंग तुमास्नी काय म्हणावं?" सगळ्या गावानं बघितलं होतं, राजनंदिनी. रोज मला पट्टा आला का म्हणून विचारत होते आणि तो रोज त्यांच्या पाट्या हुंगत होता. एकाही माणसाला वाटलं नाही की हे धाराशिवला कुणाला सांगावं. मी गावाला फार नावं ठेवत आलोय. आता माझ्याकडं ठेवायला जागा नाही.

पट्टा बोकडाचा काढला. मथुराबाईनं तिची दुभती शेळी दिली, स्वतः येऊन. बुधवारपासून तिच्या गळ्यात आहे. चाल तुम्हाला दिसत असेल, कुणी बघत असेल तर.

शेड उघडं असेल तर मला यायचं आहे. मला काही येत नाही, पण हात चालतात.

दगडोबा


धाराशिव,
९ नोव्हेंबर

काका,

शेड उघडं आहे. मथुराबाईच्या शेळीची चाल आम्ही सतरा दिवस बघितली. सकाळी ओढ्यापर्यंत, दुपारी बाभळीखाली, संध्याकाळी घरी. रोज अडीच किलोमीटर. मुजीबनं तो कागद भिंतीला लावलाय आणि कुणी आलं की त्याला दाखवतो. गेलेल्यांपैकी बहुतेकांची नावं परत आली. काहींची नाही आली, आणि ती येणारही नाहीत. पहिले साठ पट्टे काल निघाले.

बसवेशनं पुण्याची नोकरी सोडलेली नाही, आणि मी सोड म्हटलेलं नाही. आता शनिवार-रविवार येतो. मागच्या शनिवारी आला तेव्हा म्हणाला की आईनं तुमचं कार्ड शेजारणीकडून तीनदा वाचून घेतलं, आणि मग त्याला फोन करून विचारलं, "मग तुला येतं होय रे?" तो ते सांगताना रडला. मीही रडले. मुजीब चहा आणायला म्हणून बाहेर गेला.

तुम्हाला यायचं असेल तर शनिवारी या. पट्ट्यांना बकल लावायला माणूस कमी पडतोय. बसवेशला मी विचारलं. तो म्हणाला, येऊ द्या, पण मी त्यांच्याशी बोलणार नाही. मी त्याला बोल म्हणणार नाही, आणि तुम्हीही त्याला बोलतं करायला जाऊ नका. तुमचं टेबल भिंतीकडं आहे. त्याची पाठ तुमच्याकडं असेल. दिवसभर खाली मान घालून बकल लावायचे आणि पाचच्या गाडीनं परत जायचं.

असे किती शनिवार, ते मला माहीत नाही.

राजनंदिनी